एका सीटबेल्टचा डूख

मित्रांनो, मी एका परदेशी स्पोर्ट्स कारमधला जुना सीटबेल्ट आहे, आणि मी अजून माफ केलेलं नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी त्यांचं मन मोठं होतं, असं मी ऐकून आहे. माझं होणार नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे नंतर तक्रार नको.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. शेकडो धागे मागावर ताणून माझी पट्टी विणली. आमच्याच थानातला एक तुकडा यंत्राला बांधून तुटेपर्यंत ओढला, आणि तो कधी तुटला ते एका जाड भिंगाच्या चष्म्याच्या बाईने वहीत लिहून ठेवलं. तिचं समाधान झालं, तेव्हा बाकीच्यांना पास केलं. मग मला कापून एका टोकाशी लोखंडी जीभ बसवली. दुसरं टोक पुढे गाडीच्या तळाला बोल्टने पक्कं करतात. त्या टोकाला एक नखाएवढं पांढरं लेबल शिवलं आणि त्यावर माझ्या जन्माचा आठवडा आणि वर्ष छापलं. ते लेबल ध्यानात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं.

त्या गाडीत मी पहिला नव्हतो. गाडीची पहिली मालकीण दातांची डॉक्टर होती. आठवडाभर लोकांचे दात उपटायची आणि सुट्टीच्या दिवशी वाऱ्यासारखी गाडी हाकायची. एकदा ओल्या वळणावर गाडी झाडाला धडकली. तेव्हाच्या बेल्टने तिला असं धरून ठेवलं की खांद्यावर काळानिळा पट्टा उमटला, पण बाकी दातसुद्धा हलला नाही. मात्र एकदा एवढा हिसका खाल्लेला बेल्ट पुन्हा वापरत नाहीत, कारण त्याचे धागे आतून लांबलेले असतात. म्हणून गॅरेजवाल्याने समोरचे दोन्ही बेल्ट काढून टाकले आणि त्या जागी मला आणि माझ्या जुळ्या भावाला बसवलं. गाडी तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. म्हणजे मी गाडीपेक्षा पावणेदोन वर्षांनी लहान.

डॉक्टरीणबाईंनी माझे फार लाड केले. गाडी सुरू करण्याआधी त्या मला छातीवरून ओढून घ्यायच्या, जिभेचा टक् आवाज ऐकायच्या आणि दोन बोटांनी मला थोपटायच्या. त्या म्हाताऱ्या झाल्या, गाडी विकली गेली, आणि मग कितीतरी वर्षं आम्ही एका थंड शेडमध्ये चादरीखाली काढली. एके दिवशी चादर निघाली आणि आम्हाला कंटेनरमध्ये घालून समुद्रापलीकडे पाठवलं. तिथे मला थोरला भेटला.

थोरला म्हणजे गाड्या आयात करणाऱ्या वर्कशॉपचा मालक. वर्कशॉप उभं केलं त्याच्या बाबांनी, स्वतःच्या हातांना ग्रीस लावून. आता ते थकले होते. गाड्या कुठून आणायच्या ते थोरला बघायचा, आणि त्या गाड्यांचे कागद बघायची त्याची धाकटी बहीण. मी तिला धाकटीच म्हणतो.

ह्या धंद्यात कागद म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. बाहेरची गाडी आणून नोंदवायची, तर त्या देशात धुराची चाचणी होती, दिव्यांची होती, आणि वर धडकेची होती. म्हणजे एक गाडी नोंदवायला तशीच दुसरी गाडी भिंतीवर आपटून दाखवायची. आमच्या गाडीसारख्या गाड्या जगात चाळीसेक उरल्या होत्या, त्यातली एक आपटायला कोण देणार? पण जी गाडी तयार होऊन पंचवीस वर्षं उलटली, तिला ह्या सगळ्यातून सूट होती. म्हणून ह्या धंद्यातली माणसं गाडीचं रूप नंतर बघतात, आधी तारीख बघतात.

आमची गाडी बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती आणि तिचं दप्तरही तिच्याबरोबर बुडालं होतं. अशा वेळी नोंदणी कार्यालय गाडीच्या अंगावरच्या तारखा वाचतं. काचेच्या कोपऱ्यात ठिपके असतात, चाकाच्या आतल्या अंगाला आकडे असतात, बेल्टला लेबल असतं. मूळ भागांवर जी सगळ्यात अलीकडची तारीख सापडेल, ती गाडीची तारीख. एखादा भाग नंतर बदलला असेल तर तसा कागद लावायचा, मग तो भाग धरत नाहीत. नियम सरळ होता, फक्त माणसं सरळ हवी होती.

थोरल्याने पहिल्याच दिवशी माझा अपमान केला. गाडीत बसला, मला ओढलं, आणि छातीवरून न घेता पाठीमागून नेऊन बकलात अडकवलं. का, तर शर्टाला सुरकुती पडते. वर माझ्यावरच बसला. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला की त्याचं काम झालं. दुसऱ्या दिवशी त्याने माझी जीभ दारात चेमटवली, तिचा कोपरा वाकला, आणि तो म्हणाला, "ही पट्टी सारखी मध्येमध्ये येते." चोवीस वर्षांत मला कोणी पट्टी म्हटलं नव्हतं. मी मनात गाठ मारली.

पण खरा डूख मी धरला तो स्वतःसाठी नव्हे, धाकटीसाठी.

वर्कशॉपमध्ये दिवसभर ठोकठोक चालायची. निवांत अशी जागा एकच, आमच्या गाडीचं केबिन. धाकटी डबा खाऊन झाला की ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसायची, दार लावून घ्यायची आणि मांडीवर परदेशी कागद घेऊन त्यांचा तर्जुमा करायची. आणि मित्रांनो, ती मला लावायची. उभ्या गाडीत. बाबांनी लहानपणी लावलेली सवय. "गाडीत बसलं की आधी बेल्ट, मग बोलणं," असं ते म्हणायचे, ते ती स्वतःशी पुटपुटायची. तिच्या पुटपुटण्यातून आणि फोनवरच्या बोलण्यातून मला सगळं कळलं.

तीन वर्षांपूर्वी थोरल्याने एक लाल गाडी आणली होती. ती पंचवीस वर्षांना सात महिने कमी भरत होती. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं म्हणून धाकटी चार दिवस दवाखान्यात होती. तेवढ्यात थोरल्याने तिच्या टेबलाचा खण उघडला, नोंदणी एजंट म्हणून तिला मिळालेला शिक्का काढला आणि खोट्या तारखेच्या दाखल्यावर मारला. कार्यालयाने ते पकडलं. चौकशीत हा शहाणा म्हणाला, "कागदांचं सगळं बहीण बघते, मला त्यातलं काही कळत नाही." धाकटीचा परवाना गेला. घरी येऊन त्याने बाबांनाही तेच सांगितलं, तिच्या आधी. तिने खरं सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "स्वतःचं झाकायला भावावर ढकलतेस?" त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलले नाहीत. ऑपरेशननंतर त्यांना बारीक अक्षर दिसत नसे, ती रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायची. तेही बंद झालं. तिने पुन्हा कधी आपली बाजू मांडली नाही. ती त्याच वर्कशॉपमध्ये, बिनशिक्क्याची, त्याचेच कागद लावत राहिली. लोक तिला सोशिक म्हणायचे. मी तिच्या छातीवर असायचो, मला ठाऊक होतं आत काय चाललंय ते.

आमची गाडी आल्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटीने ग्लोव्ह बॉक्समधली जुनी पुस्तिका उघडली. तिच्यात चार घड्या घातलेलं एक पिवळं जॉबकार्ड होतं. त्या परदेशी गॅरेजने लिहून दिलं होतं की अपघातानंतर समोरचे दोन्ही बेल्ट बदलले; खाली तारीख आणि शिक्का. धाकटीने ते दोनदा वाचलं. मग वाकून, मोबाइलच्या उजेडात, माझं लेबल वाचलं. गाडी सव्वीस वर्षांची होती, अस्सल कायदेशीर. थोरल्याने आयुष्यात पहिल्यांदा सरळ गाडी आणली होती, आणि ती सरळ आहे हे सिद्ध करणारा कागद जगात एकच होता.

ती कार्ड घेऊन लगेच त्याच्याकडे निघाली होती. ते सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. पण तिने तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "ह्या वेळी फाइल मी लावतो. तुझं नाव नको कुठे. कार्यालयात तुझ्या नावाचा वास येतो."

धाकटी गाडीच्या दाराशीच थांबली. "बरं," म्हणाली. "पण गाडीतले कागद एकदा नीट बघून घे, दादा."

"बघितले. कंपनीची पुस्तिका आहे ती, गाडी कशी पुसायची ते लिहिलंय."

तिने कार्ड पुन्हा घडी करून होतं तिथे ठेवलं. तीन आठवडे ते तिथेच होतं. त्याने गाडीचे शंभर फोटो काढले, बॉनेटवर कोपर टेकून मित्रांना बोलावलं, पण पुस्तिकेला हात लावला नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी तिने ते कार्ड काढून आपल्या पर्समध्ये ठेवलं. त्या दिवशी तिने मला जरा जास्तच घट्ट ओढून घेतलं होतं.

तपासनीस आला तो हडकुळा, शांत माणूस. गुडघ्याखाली वर्तमानपत्राची घडी घेऊन फरशीवर बसायचा आणि प्रत्येक तारीख ओठ हलवत वाचायचा. काचा सव्वीस वर्षांच्या निघाल्या. चाकं सव्वीसची. त्याने विचारलं, "गाडीत काही बदललंय का? बदललं असेल तर कागद दाखवा."

दुर्मिळ गाड्यांच्या शौकिनाला हे विचारणं म्हणजे नव्या नवरीच्या बापाला विचारण्यासारखं, की दागिने खरे आहेत ना? थोरल्याची छाती फुगली. "साहेब, एक स्क्रू बदललेला नाही. कारखान्यातून निघाली तशी उभी आहे."

"तसं लिहून द्याल?"

"आणा इकडे."

त्याने झोकात सही ठोकली. दात, ओठ काही नसताना मी हसलो. मग तपासनिसाने मला हिसका दिला. मी जागच्या जागी अडकून दाखवलं, जसं चांगल्या बेल्टने अडकावं. तो खूश झाला आणि माझं खालचं टोक बघायला वाकला. मी लेबल वर करून तयारच होतो.

"हे बेल्टसुद्धा मूळचेच?"

"म्हटलं ना साहेब, सगळं म्हणजे सगळं."

"दोन्ही बेल्टांवर एकच तारीख आहे," तपासनीस पलीकडचाही बघून उठत म्हणाला. "मग गाडी सव्वाचोवीस वर्षांची झाली."

थोरल्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तोंडाने खड्डा खणून त्यातच पडलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल तर पाहायला हवा होतात. बेल्ट नंतरचे असतील, कोणीतरी बदलले असतील, असं तो म्हणू लागला. तपासनिसाने सहीचा कागद पुढे धरला. आधीच्या लाल गाडीमुळे ह्या वर्कशॉपला कोणी सवलत देणार नव्हतं. स्टिअरिंगला तारेचं सील लागलं. तीस दिवसांत उलट पुरावा आणला नाही, तर गाडी चिरडायच्या यंत्रात जाणार होती. मीही तिच्याबरोबर जाणार होतो, पण मला त्याचं काही वाटलं नाही. हा माणूस यंत्रासमोर उभा राहून रडताना बघायचा, आणि मग खुशाल दबून जायचं, एवढीच माझी इच्छा होती. मी दिवस मोजायला लागलो.

बाविसाव्या दिवशी थोरला सील लावलेल्या गाडीत सुन्न बसला होता, नेहमीप्रमाणे माझ्यावरच. धाकटी शेजारच्या सीटवर येऊन बसली. आधी तिने माझ्या जुळ्या भावाला छातीवरून ओढून टक् केलं. मग पर्समधून कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं, हातात न देता.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "हे कुठे होतं?"

"गाडीत. तुझ्या गुडघ्यापासून वीतभर."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

तो तिच्याकडे वळला. मग हात पुढे केला. "दे."

"देते. आधी तू एक कागद लिही. लाल गाडीच्या दाखल्यावर शिक्का कोणी मारला ते. तुझ्या अक्षरात. एक प्रत कार्यालयाला द्यायची, आणि एक बाबांना वाचून दाखवायची. माझ्यासमोर."

"माझा आयातीचा परवाना जाईल."

"माझा गेलाय. माणूस मरत नाही त्याने."

"आणि बाबांना ह्या वयात हे ऐकवायचं? त्यांना झेपेल?"

"तीन वर्षं माझ्याशी न बोलणं झेपलं ना? मग हेही झेपेल."

"सख्ख्या भावाशी असं वागतेस?"

"सख्खा आहेस म्हणून तर आठ दिवस देतेय," धाकटी म्हणाली आणि बेल्ट सोडून उतरली.

पाच दिवस त्याने जंग जंग पछाडलं. त्या परदेशी गॅरेजला फोन लावला, तर तिथे आता फुलांचं दुकान होतं. डॉक्टरीणबाई हयात नव्हत्या. इकडे गाडीच्या दारात येऊन तो बहिणीला वाटेल ते बोलला. ती पलीकडे टेबलाशी बसून कामाचे कागद लावत राहिली. मी मनोमन म्हणत होतो, नको लिहूस, अजून तीन दिवस नको लिहूस. मला यंत्र हवं होतं. सहाव्या दिवशी त्याने लिहिलं.

बाबांना वर्कशॉपमध्ये आणलं. ते आमच्या गाडीशेजारी एका उपड्या खोक्यावर बसले. सवयीने त्यांनी आधी गाडीच्या पत्र्यावर हात फिरवला. थोरल्याने खाकरून वाचायला सुरुवात केली, "माझ्याकडून अनवधानाने..."

"अनवधानाने खोड," धाकटी म्हणाली.

त्याने खिशातून पेन काढून तो शब्द खोडला आणि पुढे वाचलं. भरभर, खाली मान घालून वाचलं. संपल्यावर कागदाची घडी घालू लागला. बाबा म्हणाले, "पुन्हा वाच." त्याने पुन्हा सुरुवात केली, तेव्हा बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"तू नको," ते म्हणाले. त्यांनी मान वळवली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा धाकटीकडे तोंड केलं. "तू वाच. तू वाचलंस म्हणजे काय लिहिलंय ते मला पटेल."

मित्रांनो, तिने वाचलं. पेपर वाचावा तसं, सरळ आवाजात. 'माझ्या बहिणीच्या खणातून तिचा शिक्का मी काढला. ती तेव्हा दवाखान्यात होती. माझ्या बहिणीचा ह्यात काहीही संबंध नव्हता.' इथे मात्र ती अडली. बाबा म्हणाले, "वाच, वाच. ते पुन्हा वाच. मोठ्याने." पलीकडची ठोकठोक थांबली होती. तिने मोठ्याने वाचलं.

बाबांनी तिची माफी मागितली नाही; त्या पिढीला ते जमत नाही. खोक्यावरून उठताना ते फक्त म्हणाले, "उद्यापासून पेपर वाचायला येशील?"

"बघते," धाकटी म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती गेली, पण अर्धा तास उशिरा. तिचं हे मला फार आवडलं.

तिने शब्द पाळला. जॉबकार्ड फाइलला लागलं, गाडी सव्वीस वर्षांची ठरली आणि नोंदली गेली. थोरल्याचा परवाना रद्द झाला, धाकटीचा परत आला. आता वर्कशॉपमध्ये सही तिची असते आणि तो फोन उचलतो, असं म्हणतात. कार्यालयाने हुकूम केला, की ज्या बेल्टांवरून एवढा वाद झाला ते काढून पुरावा म्हणून फाइलबरोबर ठेवावेत आणि गाडीला नवे बसवावेत. माझा बोल्ट बाबांनी स्वतः काढला. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून धाकटीने दिवा धरला होता. "कुठल्याशा जुन्या गॅरेजवाल्याने बसवलाय," ते म्हणाले, "पण हात चांगला होता त्याचा."

आता मी आणि माझा जुळा भाऊ नोंदणी कार्यालयाच्या दप्तरखान्यात, लोखंडी मांडणीवर, एका कापडी पिशवीत आहोत. पिशवी ज्या फाइलला बांधली आहे तिच्यात थोरल्याच्या हातचा तो कागद आहे. इथे धूळ आहे, झुरळं आहेत, आणि आम्हाला छातीवर घेणारं कोणी नाही. पण जो फाइल उघडतो त्याला आधी आमची पिशवी सोडावी लागते आणि मग तो कागद वाचावाच लागतो. मला यंत्र हवं होतं, ते मिळालं नाही. यंत्राने एका मिनिटात सगळं संपलं असतं. धाकटीने जे केलं ते संपत नाही, आणि हे मला उशिरा कळलं.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, म्हणून दोन शब्द सांगतो. गाडीत बसलात की बेल्ट लावा, तो तुमच्यासाठीच ताण खायला बसलेला असतो. दुसऱ्याच्या शिक्क्याला हात लावू नका. आणि घरात जे माणूस गाजावाजा न करता सगळ्यांचे कागद जागेवर ठेवतं, त्याच्याशी जपून वागा. कुठला कागद कुठे आहे, ते त्यालाच ठाऊक असतं.

आपल्या नावावरचा काळा शेरा काढून टाका, असा अर्ज थोरला दरवर्षी करतो. नियमाप्रमाणे तो अर्ज, ज्याचं नुकसान झालं त्याच्या अभिप्रायासाठी जातो. फाइल बाहेर नेता येत नाही, म्हणून धाकटी इथे येते. दप्तरी तिला स्टूल देतो. ती अर्ज वाचते, त्याखाली दोन शब्द लिहिते, 'हरकत आहे', आणि उठते. चार वर्षं मी ही दोन शब्दांची मेजवानी खातोय.

ह्या वर्षी ती आली तेव्हा स्टुलावर बराच वेळ बसली. अर्जातलं थोरल्याचं अक्षर पूर्वीपेक्षा मोठं झालं होतं, आता त्यालाही चष्मा लागला असावा. तिने आमची पिशवी सोडली, मला बाहेर काढलं आणि माझी वाकलेली जीभ अंगठ्याने चाचपली. मग पेन उघडून 'हरकत' एवढं लिहिलं आणि थांबली. माझे सगळे धागे ताणले गेले. शेवटी तिने 'आहे' लिहिलं, आणि मी सैल होतोय न होतोय तोच तिने खाली आणखी एक ओळ लिहिली: 'पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे.'

मला ते मुळीच आवडलं नाही.